टीटीसाठी १९ इंची अलॉय घेऊ की १८वरच राहू? पावसाआधी ठरवायचंय

टीटीवाला_मुलुंड

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये २०१६ची ऑडी टीटी घेतली, ४५ टीएफएसआय क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी. तिसरा मालक मी. कॉलेजात असताना मरीन ड्राइव्हला सिग्नलवर ही गाडी पहिल्यांदा पाहिली, तेव्हापासून डोक्यात बसली होती. बारा वर्षं थोडे थोडे पैसे बाजूला टाकले. त्यामुळे आता हिच्यावर काही चुकीचं बसवायचं नाही, एवढं पक्कं आहे.

गेल्या आठवड्यात पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीच्या पुढे डावं पुढचं चाक खड्ड्यात आदळलं. तो आवाज ऐकून पोटात गोळाच आला. घरी आल्यावर बाहेरून काही दिसेना. बाबा बेस्टमध्ये होते, वडाळा आगारात, ३१ वर्षं टायरच्या कामावर. ते गाडीशेजारी उकिडवे बसले, चाकाच्या मागून आत हात घालून टायर चाचपला आणि म्हणाले, "इथे गळू आलंय." आतल्या साइडवॉलला, म्हणजे टायरच्या उभ्या बाजूला, लिंबाएवढा फुगा. रिमचा आतला काठही थोडा आत गेलाय, ताशी ८०नंतर स्टिअरिंग थरथरतं. टायरवरचा तारखेचा आकडा २११८ आहे, २०१८चा २१वा आठवडा, म्हणजे तसेही सात वर्षांचे झालेत.

सध्या कंपनीचं माप असं: रिम १८ इंच, रुंदी ९ जे (म्हणजे ९ इंच), ऑफसेट ५२, टायर २४५/४० आर १८ (रुंदी मिलिमीटरमध्ये, तिच्या किती टक्के साइडवॉल, आणि रिमचे इंच).

एलबीएस रोडवरच्या एका दुकानदाराने सुचवलेला सेट: रिम १९ इंच, ८.५ जे, ऑफसेट ३५, पीसीडी (बोल्ट किती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास किती मिलिमीटर) ५ बाय ११२, मधलं भोक ६६.६, त्यावर २३५/३५ आर १९. तो म्हणतो, बोल्ट गाडीचेच चालतील, सगळं 'डायरेक्ट फिट' आहे. दिसायला रिम खूपच सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. समोरचा भाग मशीनने चकचकीत केलेला, काठ काळा.

रोजचा रस्ता मुलुंड ते लोअर परळ. तिथे ऑफिसच्या इमारतीत स्टॅक पार्किंग, ट्रेवर एकावर एक गाड्या. महिन्यातून एक-दोन रविवारी पहाटे लोणावळा. बाबांचं म्हणणं, "रबर जास्त असेल ते घे." मला १९ आवडलेत. पाऊस दोन आठवड्यांवर आलाय. अनुभव असलेल्यांनी सांगा.

लालबागकर

गाडीबद्दल अभिनंदन. वडिलांना माझा नमस्कार सांग. हात फिरवून फुगा सापडवणारी माणसं आता कमी उरलीत.

आधी एक काम. त्या फुग्यावर गाडी चालवणं आजपासून बंद. फुगा म्हणजे रबराच्या आतले धागे तुटलेत आणि हवा नुसत्या वरच्या थरावर तोललेली आहे. त्याला पॅच नाही, दुरुस्ती नाही. आणि टीटीत पूर्ण मापाची स्टेपनी नसते हे लक्षात ठेव. डब्यातला फेस आणि पंप खिळ्याच्या भोकाला चालतो, साइडवॉल फाटली की काही उपयोग नाही. अटल सेतूवर २१.८ किलोमीटरच्या मध्ये कुठेतरी हा टायर गेला तर काय होईल याचा विचार कर.

आता दुकानदाराचा सेट. २४५ च्या ४० टक्के म्हणजे ९८ मिलिमीटर, ही तुझ्या आजच्या साइडवॉलची उंची. २३५ च्या ३५ टक्के म्हणजे ८२. एक बोटभर रबर गेलं. चाकाची एकूण उंची ६५३ वरून ६४७ होते, त्यात फार बिघडत नाही, स्पीडोमीटर टक्काभर जास्त दाखवेल इतकंच. पण खड्ड्याच्या काठाचा मार झेलणारं ते बोटभर रबरच असतं. ते नसेल तर मार सरळ रिमला. तुझी रिम ९८ मिलिमीटर असताना वाकली आहे, मग ८२ ला काय होईल?

भारांकही बघ. २३५/३५ आर १९ वर बहुतेक ९१ लिहिलेलं असतं, म्हणजे एका टायरला ६१५ किलो. २४५/४० आर १८ ला ९३ म्हणजे ६५०, आणि जादा भाराच्या एक्सएल टायरला ९७ म्हणजे ७३०. गाडी ६१५ वरही उभी राहील, प्रश्न राखीव ताकदीचा आहे. मुंबईत ती राखीव ताकद रोज वापरली जाते.

ऑफसेटकडे कोणी बघत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबवर (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्यावर) टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे तो आकडा. आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकतं. तुझं ५२ वरून ३५ होतंय, म्हणजे मध्यरेषा १७ मिलिमीटर बाहेर. रिम अर्धा इंच अरुंद असल्यामुळे बाहेरचा काठ साधारण साडेदहा मिलिमीटर बाहेर येईल. फोटोत ते छान भरलेलं दिसतं. पण बेअरिंगवर तरफेसारखा जादा जोर येतो, स्टिअरिंग रस्त्याच्या चाकोरीमागे ओढलं जातं, आणि दोन माणसं बसून गतिरोधकावरून उतरताना मडगार्डच्या काठाला टायर घासू शकतो. तुला अर्धा इंच अरुंद रिमच हवी असेल तर ८.५ जे ला ऑफसेट ४५ घे. बाहेरचा काठ जवळजवळ आहे तिथेच राहतो, एका मिलिमीटरचाही फरक नाही. हिशोब करून बघ.

मधलं भोक ६६.६ आणि तुझा हब ५७.१. मध्ये साडेनऊ मिलिमीटरचा फरक, तो भरायला रिंग लागते. 'डायरेक्ट फिट' म्हणणाऱ्याने रिंगचं नावही काढलं नाही? रिंगशिवाय रिम फक्त बोल्टवर मध्यभागी येते, म्हणजे येतच नाही, आणि कितीही बॅलन्सिंग केलं तरी थरथर जात नाही. प्लास्टिकची घेऊ नकोस, घाटात ब्रेक तापले की ती ढिली पडते. ॲल्युमिनियमची घे आणि बसवताना पुसटसं ग्रीस लाव, आपल्या खाऱ्या हवेत ती हबला चिकटते.

आणि क्वाट्रो. टीटीत मागच्या चाकांना ताकद हॅल्डेक्स क्लचमधून जाते. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे, सारख्या झिजेचे हवेत. पुढे नवे आणि मागे जुने टाकलेस तर पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि क्लच विनाकारण घासत राहतो. म्हणून एक टायर जुलैत फुटला आणि तसाच दुसरा मुंबईत मिळाला नाही, तर खर्च चार टायरचा. जून २०२० मध्ये टायरची आयात निर्बंधित यादीत गेली, तेव्हापासून काही मापं कधी असतात, कधी महिनोन्‌महिने नसतात. माझं ऐकशील तर उलट्या क्रमाने चाल. आधी टायर ठरव, तो चार वेगवेगळ्या दुकानांत सहज मिळतो का ते फोन करून विचार. ज्या मापात चांगला टायर सहज मिळतो, त्या मापाची रिम घे.

स्नेहल_पार्ले

माझी पोलो जीटीआय आहे, २०१७ची, तीन दारांची. तुमच्या जागी मी चार वर्षांपूर्वी होते. कंपनीचे १६ इंची काढून १७ लावले, २०५/४५. पहिल्या पावसाळ्यात दोन रिम वाकल्या, दुसऱ्यात एक टायर कायमचा गेला. तिसऱ्या पावसाळ्याआधी १९५/५५ आर १६ वर परत आले. साइडवॉल ९२ ची १०७ झाली. त्यानंतर एकही रिम वाकलेली नाही, आणि मी रोज अंधेरी-कुर्ला रोडने जाते.

स्टॅक पार्किंगबद्दल लालबागकरांनी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. पोलादी ट्रेच्या दोन्ही बाजूंना चाक सरळ राहावं म्हणून उभा काठ असतो. कमी उंचीचा टायर रुंद रिमवर ताणून बसवला की रिमचा काठ टायरच्या बाहेर येतो आणि पहिला तोच घासतो. माझ्या चारही रिमचे काठ ट्रेनेच खाल्ले, खड्ड्यांनी नाही. तुमच्या पार्किंगच्या ट्रेची आतली रुंदी टेपने मोजा, आणि बाहेर आलेलं चाक त्यात बसतंय का बघा. सोसायटीत किंवा ऑफिसात याचा तक्ता लावलेला असतो, पण मी स्वतः मोजलं तेव्हा तक्त्यापेक्षा कमी भरलं.

चकचकीत मशीन-फिनिशचं म्हणाल तर समुद्राच्या शहरात त्या रिमचं आयुष्य वरच्या लाखेवर अवलंबून असतं. एक खडा उडून टवका निघाला की त्या जागेतून खारं पाणी आत जातं आणि लाखेखाली पांढऱ्या अळीसारख्या रेषा पसरतात. पूर्ण रंगवलेली रिम घ्या. टवका उडाला तर तेवढा रंग लावता येतो.

टीटीला १७ इंचही बसतात असं ऐकलंय. २४५/४५ केलं तर साइडवॉल ११० ची होते आणि चाकाची उंचीही जवळजवळ तीच. विचार करा.

आरएस२४५_डोंबिवली

१७ बद्दल मी वेगळं मत मांडतो. माझ्याकडे ऑक्टाव्हिया आरएस २४५ आहे, २०२० मध्ये देशभरात दोनशेच आल्या होत्या त्यातली. पीसीडी आणि हब तुमच्यासारखाच, ५ बाय ११२ आणि ५७.१. मीही एक हंगाम १७ वर काढला. शहरात सुख होतं. पण खंडाळ्याच्या वळणांत गाडी आधी टायरवर झुकायची आणि मग वळायची. जी गाडी त्या वळणासाठीच घेतली, तिच्यात तो अर्धा क्षण मला सहन होईना. माझं उत्तर १८ आहे, पण हलकी रिम आणि चांगला टायर.

हलकी का, तर रिम हे स्प्रिंगखालचं वजन आहे. खड्ड्यातून वर आलेलं चाक परत रस्त्यावर टेकवायला डँपरला (शॉक अ‍ॅब्सॉर्बरला) जेवढं कमी वजन ओढावं लागेल तेवढी पकड लवकर परत मिळते. साध्या ओतीव रिममध्ये तेवढीच ताकद मिळवायला धातू जास्त लागतो. फ्लो-फॉर्म्ड रिममध्ये मधला भाग ओतलेला असतो, पण बाहेरचं पिंप गरम असताना रोलरने दाबून लांबवतात, त्यामुळे ते पातळ असूनही चिवट होतं. फोर्ज्ड, म्हणजे प्रचंड दाबाखाली घडवलेली, त्याहून सरस, पण किंमतही तशीच. रेज या जपानी कंपनीच्या टीई३७ रिममधला ३७ हा आकडा १५ इंची रिमच्या ३.७ किलो वजनावरून आलाय, यावरून त्या लोकांना वजनाची किती पडलीये ते कळतं. तिच्यासारख्या दिसणाऱ्या स्वस्त नकला बाजारात भरपूर आहेत. रिमच्या मागच्या बाजूला जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए या जपानी मानकांच्या खुणा आणि किलोमध्ये कमाल भार ओतलेला असतो, तो वाचा. काहीच लिहिलेलं नसेल तर हात लावू नका. दुकानात वजनकाटा मागा. मी घरून सामानाचा काटा नेला होता.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुमच्या दुकानदाराने चुकीचं सांगितलंय. कंपनीचा बोल्ट एम १४ बाय १.५, आणि त्याची बसण, म्हणजे रिमवर टेकणारा भाग, गोल असते, चेंडूसारखी. बाहेरच्या बहुतेक रिमची बसण ६० अंशांच्या शंकूची. गोल बोल्ट शंकूत घातला तर तो पूर्ण पृष्ठभागावर न टेकता एका बारीक कड्यावर टेकतो. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, बरोबर दाखवतो आणि नंतर ढिला होतो. माझ्या बाबतीत हे झालंय. बदलापूर रोडवर मागून टकटक ऐकू आली, उतरून बघितलं तर दोन बोल्ट हाताने फिरत होते. मुलगी मागे बसली होती. 'गाडीचेच चालतील' असं ज्याने मलाही सांगितलं होतं त्याच्याकडे परत गेलो नाही. नव्या रिमसोबत शंकूचे बोल्ट, योग्य लांबीचे, वेगळे विकत घ्या. जुन्या बोल्टइतकेच धागे आत गेले पाहिजेत, वेढे मोजा. १२० न्यूटन मीटरने टॉर्क रेंचने आवळा, गनने नाही, आणि ५०-१०० किलोमीटरनंतर परत तपासा.

विम्याचंही बघून ठेवा. साध्या पॅकेज पॉलिसीत नुसत्या टायरचं नुकसान भरून मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच, आणि तेही टायरच्या निम्म्या किमतीपर्यंत. टायर-रिमचं वेगळं जादा कवच मिळतं. बाहेरची रिम लावलीत तर कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत नोंद करून घ्या.

टीटीवाला_मुलुंड

तिघांचेही मनापासून आभार. बोल्टचं वाचून मी लगेच खाली पार्किंगमध्ये जाऊन एक काढून पाहिला. खरंच, डोक्याखालचा भाग गोल आहे.

लालबागकर काका, १९ चा नाद सोडला. दोन शंका. एक, कंपनीची वाकलेली रिम सरळ करून घेतली तर? दुसरी, टायर निवडताना पावसासाठी नेमकं काय बघायचं? रुंद टायर म्हणजे जास्त पकड, असंच मी समजत होतो.

लालबागकर

काठ थोडा वाकला असेल तर सरळ करता येतो, पण चारही रिम टायर उतरवून आतून बघून घे. पिंपाच्या आतल्या बाजूला केसासारखी चीर गेली असेल तर ती रिम भंगारात. वेल्डिंग करून देणारे आहेत. करू नकोस. वेल्डिंगच्या आजूबाजूचा धातू उष्णतेने मऊ पडतो, आणि पुढची चीर तिथूनच जाते.

कोरड्या रस्त्यावर रुंद टायरचा फायदा आहे. साचलेल्या पाण्यावर उलटं होतं. टायर जितका रुंद तितकं जास्त पाणी त्याला समोरून बाजूला सारावं लागतं, नाही तर तो पाण्यावर चढतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं होतं. म्हणून २४५ च्या पुढे जाऊ नकोस. टायरवर लांब उभ्या सलग खाचा किती आणि किती खोल आहेत ते बघ. कायद्याने १.६ मिलिमीटर खोली उरेपर्यंत टायर चालतो. मुंबईच्या पावसात मी ३ मिलिमीटरला बदलायला सांगतो. कोरड्यात कोणाला फरक कळत नाही, पण सायनच्या उतारावर पाण्याच्या थरावर ब्रेक दाबला की कळतो.

हवाही कमी ठेवू नकोस. राइड मऊ वाटावी म्हणून काही जण पाच-सहा पीएसआय काढतात, त्याने टायर पाण्यावर लवकर चढतो आणि खड्ड्यात रिम जास्त वाकते. दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलंय तेवढी हवा, टायर थंड असताना. घेताना आयएसआय खूण आणि तारखेचे चार आकडे चारही टायरवर बघ, दुकानदार तीन नवे आणि एक जुना देऊ शकतो.

१७ चं म्हणशील तर स्नेहल यांचं चूक नाही. रोजच्या रस्त्यासाठी तेच सगळ्यांत शहाणपणाचं आहे, फक्त ब्रेकच्या कॅलिपरला जागा किती राहते ते एक रिम प्रत्यक्ष लावून, हाताने फिरवून बघ. पण रविवारची ती पहाट तुला किती महत्त्वाची आहे, ते तुलाच माहीत.

टीटीवाला_मुलुंड

सहा आठवड्यांनी लिहितोय.

चारही टायर उतरवले. वाकलेली रिम डावी पुढची होतीच. उजव्या मागच्या रिमला आतून चार बोटं लांब चीर निघाली, जी मी गाडी घेतली तेव्हापासून तिथे असणार. त्या चिरेवर मी दोनदा लोणावळ्याला जाऊन आलो. बाबा ती रिम हातात धरून बराच वेळ काही बोललेच नाहीत.

शेवटी फ्लो-फॉर्म्ड १८ घेतल्या, ८.५ जे, ऑफसेट ४५, पूर्ण रंगवलेल्या, गडद राखाडी. काट्यावर प्रत्येकी ९.४ किलो भरल्या, जुनी ११.८ होती. ॲल्युमिनियमच्या रिंगा आणि शंकूचे वीस बोल्ट वेगळे घेतले. टायर २४५/४० आर १८, भारांक ९७. हे माप पाच दुकानांत विचारलं, चार ठिकाणी त्याच दिवशी होतं. १९ चं २३५/३५ एकाकडे होतं, तेही दोनच. दुसऱ्या एका दुकानात बोल्टच्या बसणीबद्दल विचारलं तर तिथल्या मुलाने स्वतःहून निळा रंग लावून टेकण्याची जागा दाखवली. काम त्यालाच दिलं.

पार्किंगचा ट्रे मोजला. दोन्ही बाजूंना मिळून सात सेंटिमीटर मोकळे राहतात. ८.५ वर २४५ टायर काठाच्या किंचित बाहेर फुगतो, त्यामुळे आधी रबर टेकतं. अजून ओरखडा नाही.

पहिल्या ८० किलोमीटरनंतर बोल्ट बाबांनीच तपासले. टॉर्क रेंच त्यांनी नोकरीत असताना वापरला होता त्याहून लहान, म्हणून दोनदा उलटसुलट करून पाहिला. एक बोल्ट अगदी थोडा फिरला, बाकी एकोणीस जागचे हलले नाहीत. गेल्या बुधवारी संध्याकाळी कांजूरपासून मुलुंडपर्यंत डाव्या लेनमध्ये पाणी होतं. मी ४० वर होतो, स्टिअरिंग कुठेही हलकं झालं नाही. दुसऱ्या दिवशी ९० ला थरथर आली तेव्हा छातीत धस्स झालं. बघितलं तर उजव्या पुढच्या रिमच्या आत चिखल वाळून बसला होता. पाण्याच्या फवाऱ्याने धुतला, थरथर गेली. साचलेल्या पाण्यातून आलात की रिम आतून धुवा, बॅलन्सिंगला पैसे देण्याआधी.

जुन्यांपैकी दोन १८ इंची रिम सरळ आणि बिनचिरेच्या आहेत, आतून टॉर्च मारून बाबांनी आणि मी दोघांनी तपासल्यात. कोणाच्या टीटीला लागत असतील तर सांगा. वाकलेली आणि चिरलेली मी कोणालाही देणार नाही. भंगारात जाण्याआधी त्या दोन्ही बाबा स्वतः कापून घेणार आहेत, म्हणजे त्या पुन्हा कोणाच्या गाडीवर चढणार नाहीत.